पिसं कोणी उपटली?

पिंजरा आमच्याकडे आला तो पुरात. २०२२ च्या सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी रात्री बंगळुरात जो पाऊस झाला, त्यात बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि आउटर रिंग रोडचा बराचसा भाग पाण्याखाली गेला. सोमवारी सकाळी माणसं ट्रॅक्टरमधून आणि रबरी होड्यांतून बाहेर काढली जात होती. आम्ही सातव्या मजल्यावर, त्यामुळे आमचं नुकसान लिफ्ट बंद पडण्यापुरतंच. दुपारी जवळच्याच एका सखल वसाहतीतलं ओळखीचं कुटुंब जिने चढून दारात आलं. दोन सुटकेसी, लॅपटॉपच्या पिशव्या आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक पिंजरा. "दोन दिवस ठेवून घ्या," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी शहरच सोडायचं ठरवलं. पिंजरा राहिला.

आत झेब्रा फिंचची जोडी होती. नर मिरवणारा: गालांवर नारिंगी ठिपके, छातीवर काळ्या बारीक रेघा, कुशीला तपकिरी पट्टा आणि त्यावर पांढरे थेंब, लालभडक चोच. मादी साधी राखाडी, चोच तेवढी केशरी. दोघांच्या पायांत प्लास्टिकच्या कड्या होत्या, त्याची लाल, तिची पांढरी. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातले. तिथे ते ऋतू बघत नाहीत, पाऊस बघतात. पाऊस पडून गवताला बी धरलं की वीण सुरू. ऑस्ट्रेलियानं आपले पक्षी बाहेर विकायला बंदी घातली त्याला साठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे आपल्याकडच्या पिंजऱ्यांत दिसणारे सगळे फिंच कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. पाऊस मात्र ते विसरलेले नसावेत, असं मला त्या आठवड्यात वाटून गेलं.

देणाऱ्यानं जाताना सूचना दिल्या होत्या. राळे आणि बाजरी द्या, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कुस्करून द्या, आंघोळीला पसरट ताटली ठेवा, समुद्रफेस लटकवा. समुद्रफेस म्हणजे माकूळ माशाच्या अंगातलं पांढरं हाड. मादी ते चोचीनं खरवडते आणि त्यातलं कॅल्शियम अंड्याच्या कवचाला जातं. बेळ्ळंदूरमध्ये फेस म्हटलं की आधी तलाव आठवतो. सांडपाण्यातल्या साबणाचा तो फेस वाऱ्यानं उडून रस्त्यावर यायचा आणि २०१५ आणि २०१७ मध्ये तर तलावालाच आग लागली होती. आईला मी समुद्रफेस आणायला निघालेय म्हटल्यावर ती म्हणाली, "हितं खालनं आण की फुकटचा."

शेवटची सूचना अशी होती: "अंडी घातली की घरट्याचं सामान काढून घ्या. काथ्या समोर राहिला तर हे थांबत नाहीत, अंड्यांवरच पुन्हा घरटं बांधतात." ही सूचना बरोबर होती. मी ती वहीत लिहून घेतली आणि पाळली. पुढे जे झालं ते ही बरोबर सूचना अर्धीच कळल्यामुळे झालं.

नोव्हेंबरात मादीनं चार अंडी घातली. मी काथ्या काढून घेतला. दोघंही आळीपाळीनं बसत. दोन आठवड्यांच्या आत तीन पिल्लं निघाली आणि तीन आठवड्यांची झाल्यावर एकेक करून घरट्याबाहेर आली. काळ्या चोची, अंग राखाडी, शेपट्या आखूड. त्याच दिवसांत मादी पुन्हा घरट्यात जाऊन बसू लागली. नवी अंडी.

बाहेर येऊन चार दिवस झाले नाहीत तोच थोरल्या पिल्लाच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी, गुलाबी कातडी दिसायला लागली. मग मानेवर. मग दुसऱ्या पिल्लाच्या.

मी पुस्तकी माणूस. काही झालं की आधी वाचते. पहिल्या रात्री पिंजऱ्यावर पांढरं फडकं टाकून ठेवलं, कारण उवा-गोचिडांसारखे बारीक किडे असतील तर ते रात्री बाहेर पडतात आणि सकाळी फडक्यावर लाल ठिपके सापडतात. फडकं स्वच्छ निघालं. मग कळलं की पोपट स्वतःची पिसं स्वतः उपटतात, फिंच तसं क्वचित करतात. आणि डोकं-मान बोडकी असेल तर प्रश्नच मिटतो, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. म्हणजे दुसरं कुणीतरी उपटतंय. पक्ष्यांच्या एका डॉक्टरांना फोटो पाठवले. त्यांनीही तेच सांगितलं, वर एक वाक्य जोडलं: "ठरवण्याआधी एक तास नुसतं बसून बघा."

मी दहा मिनिटं बसले. दहा मिनिटांत मला जे दिसलं ते असं: धाकटं पिल्लू दांडीवर मान पिरगाळून, डोकं खाली घालून, चोच वासून किंचाळत होतं आणि नर त्याच्या अंगावर जाऊन त्याच्या घशात चोच खुपसत होता. मग तो थोरल्यावर धावून गेला आणि त्यानं त्याला दांडीवरून हाकललं. मादी घरट्यात शांत बसली होती. मी वहीत लिहिलं, 'नर पिसं उपटतो.'

हा निष्कर्ष काढायला मला वाचनाचीही मदत झाली. नॅन्सी बर्ली या अमेरिकी संशोधक बाईंनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं की झेब्रा फिंचच्या नराच्या पायात लाल कडी घातली तर तो माद्यांना अधिक आवडतो आणि हिरवी घातली तर कमी. हे इतकं गाजलं की पाठ्यपुस्तकांत गेलं. आमच्या नराच्या पायात लाल कडी. मी मनातल्या मनात गोष्ट पुरी केली: लाल कडीवाला, माजलेला, पोरांना बडवणारा बाप. अशा बापाची गोष्ट मराठीत नवी नाही, कन्नडातही नाही. मी स्वतः तशा दोनतीन कथांचं भाषांतर केलेलं आहे.

त्या संध्याकाळी नराला दुसऱ्या, छोट्या पिंजऱ्यात हलवलं आणि तो पिंजरा आतल्या खोलीत नेऊन ठेवला. तो रात्री उशिरापर्यंत हाका मारत होता. मादी हॉलमधून उत्तर देत होती. मला वाटलं, सुटली बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिन्ही पिल्लांच्या पाठी उघड्या पडल्या. थोरल्याच्या मानेवर रक्ताचा थेंब होता आणि तो दिसला की बाकीचे त्यावरच चोच मारायला येत. मी रक्त पुसलं, जागा साफ केली, हळद लावू का असं आईला विचारलं. नराला हलवल्यावर हे वाढलं कसं, हा प्रश्न मनात आला होता. पण मी त्याला उत्तरही देऊन टाकलं, की जुन्या जखमा आता दिसताहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारला तेव्हा धाकटं पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं होतं. हातात घेतलं तर वजनच नव्हतं. त्याच्या गळ्यापाशी दाण्यांची पिशवी असते, बाहेरून दिसते. ती पूर्ण रिकामी होती.

आई निपाणीची. तंबाखूच्या हंगामात माणसं मोजत आणि एरवी कोंबड्या मोजत तिचं आयुष्य गेलं. त्या सकाळी ती पिंजऱ्यापुढे खुर्ची घेऊन बसली, काही न बोलता, पोथी वाचायला बसावं तशी. तासाभरानं तिनं मला हाक मारली.

"हिला घरटं करायला काय दिलंयस?"

"घरटं आहेच की. आणि अंडी झाल्यावर सामान काढायचं असतं."

"ते म्हागल्या अंड्यांचं. ह्या अंड्यांना काय दिलंस?"

मी काही दिलं नव्हतं.

"मग ती काय करील? हाताशी हाय ते घेईल."

मी घरट्याची टोपली काढली. आत पाच अंडी होती आणि त्यांच्याखाली मऊ, राखाडी, नीट रचलेला थर होता. काथ्या खाली होता, जुना, विष्ठेनं कडक झालेला. त्यावर पिल्लांची पिसं. ही टोपली मी दोन दिवसांपूर्वीही पाहिली होती, अंडी मोजायला. पिसं दिसली होती आणि मला वाटलं होतं, पक्ष्याच्या घरट्यात पिसं असणारच.

मग डॉक्टरांनी सांगितलेला तास मी बसले. त्या वेळात सगळं उलटं वाचता आलं. फिंचची पिल्लं मान पिरगाळून, चोच वर वळवूनच भीक मागतात आणि आईबाप चोच खोल घशात घालूनच भरवतात. न पाहिलेल्या माणसाला ती मारामारी वाटते. मादी पुढच्या अंड्यांवर बसली की बाहेर आलेल्या पिल्लांना भरवण्याचं काम बहुतेकदा बापाकडे येतं. थोरल्याला तो हाकलत होता हे खरं, पण ते घरट्याच्या तोंडापासून. आणि मादी घरट्यातून उठे, दांडीवरच्या पिल्लाशेजारी अगदी मायेनं सरकून बसे, त्याची मान साफ करता करता एक पीस ओढी, आणि ते घेऊन घरट्यात जाई. तिच्या हालचालीत राग नव्हता. घाई होती.

भरवणाऱ्याला मी काढून नेलं होतं आणि उपटणारीला पिल्लांपाशी ठेवलं होतं.

मी कन्नडातून मराठीत भाषांतर करते. कन्नडात उपटणे या क्रियापदाला 'कीळु' म्हणतात आणि हाच शब्द विशेषण होऊन आला की त्याचा अर्थ हीन, खालच्या दर्जाचा असा होतो. पण त्या भाषेत एक सोय आहे. पक्षी-प्राण्यांना तिथे ना 'तो' म्हणतात ना 'ती'. क्रियापद नपुंसकलिंगी चालतं. 'हक्की पुक्क कित्तितु' म्हणजे पक्ष्यानं पीस उपटलं. नरानं की मादीनं, ते वाक्य सांगत नाही. मराठीत पक्षी हा शब्दच पुल्लिंगी आहे. 'पक्षी पिसं उपटतो' असं लिहिताक्षणी एक 'तो' तयार होतो आणि मग त्याला शोधायला जावं लागतं. मी भाषेला दोष देत नाही. 'पिसं उपटली जाताहेत' असंही मराठीत लिहिता येतं. कर्ता माहीत नसेल तेव्हा तसंच लिहायचं असतं, हे मी नवशिक्या भाषांतरकारांना सांगत आले आहे. माझ्या वहीत मी कर्ता घातला, कारण कर्त्याशिवाय मला वाक्य अपुरं वाटतं.

क्रियापदही चुकलंच होतं. मराठीत भाजी खुडतात, गवत उपटतात, फुलं तोडतात, पारिजात वेचतात. हात तोच, पण प्रत्येक शब्दात हेतू वेगळा. ती मादी वेचत होती. ज्याच्या अंगावरून वेचत होती त्याला ते उपटणंच होतं, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एका क्रियापदात मावत नाहीत.

पुढचं सगळं व्यवहाराचं आहे. कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

नराला परत आणलं, पण सगळ्यांना एकत्र ठेवलं नाही. मोठा पिंजरा आणला, लांब, कारण फिंच आडवे उडतात; त्यांना उंची नव्हे, लांबी लागते. मधे तारेची जाळी घातली. एका बाजूला नर आणि उरलेली दोन पिल्लं, दुसऱ्या बाजूला मादी. जाळीतून जोडी एकमेकांना दिसत होती, शेजारी बसून झोपत होती. पण चोच पिल्लांच्या पाठीपर्यंत पोचत नव्हती. पाच अंडी मी काढून घेतली. ते सोपं नव्हतं. ती दोन दिवस टोपलीच्या जागेपाशी घुटमळत राहिली. पण पिंजऱ्यात पाणी, दाणा आणि घरटं कायम मिळत राहिलं तर हे पक्षी थांबत नाहीत, अंड्यांमागून अंडी घालतात, आणि मादीच्या हाडांतलं कॅल्शियम संपत जातं. कधी अंडं अडकून ती मरते. वर्षात दोनतीन विणी पुष्कळ झाल्या, मग टोपली काढून ठेवायची. ऑस्ट्रेलियात हे काम दुष्काळ करतो. पिंजऱ्यात ते माणसाला करावं लागतं.

उपटायला दुसरं काहीतरी दिलं: काथ्या, वाळकं गवत, सुतळीचे तुकडे. सुतळी चारपाच बोटांएवढीच कापायची, लांब धागा पायाला गुंडाळला तर पाय जातो. दांड्या एकाच उंचीवर बांधल्या, कारण सगळ्यांत वरच्या दांडीसाठी भांडणं होतात. दाण्यांच्या वाट्या दोन टोकांना दोन. अंड्याचा कुस्करा रोज, कारण नवी पिसं फुटायला प्रथिनं लागतात. आणि हॉलमधला दिवा. आम्ही रात्री अकरापर्यंत जागे, म्हणून पक्षीही अकरापर्यंत जागे. आता सात वाजता पिंजऱ्यावर कापड पडतं आणि भाषांतराचं टेबल आतल्या खोलीत गेलं आहे.

आईचं म्हणणं, यातलं निम्मं तिला कोंबड्यांमुळे ठाऊक होतं. जागा कमी पडली, खाण्यात कस नसला की कोंबड्या एकमेकींच्या पाठी बोडक्या करतात. "आन् मग माणसं म्हणत्यात, ती तांबडी लई मारकुटी हाय," ती म्हणाली. "तांबडीला कापून खात्यात. दुसऱ्या दिवशी पांढरी सुरू."

ओढून काढलेलं पीस मुळासकट निघालेलं असतं, त्यामुळे तिथे लगेच नवं फुटतं. अर्धवट तुटलेल्या पिसाला मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत थांबावं लागतं. पिल्लांच्या पाठींवर आधी निळसर काटे दिसू लागले, मग ते उमलले. महिन्याभरात पाठी भरल्या. एकाच्या गालावर नारिंगी रंग आला, दुसरं राखाडीच राहिलं. एक मुलगा, एक मुलगी.

पक्षी पाळणाऱ्या एका ओळखीच्यानं सुचवलं होतं की पुन्हा वीण घ्यायची असेल तर बेंगालीज फिंचची एक जोडी आणा. ते शांत असतात, दुसऱ्याची पिल्लंही वाढवतात. हा बेंगालीज बंगालचा नाहीच. आपल्या सह्याद्रीत दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मनोलीचे चीनमधले भाईबंद सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी जपानात नेले गेले आणि तिथे पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढून हा पक्षी तयार झाला. काझुओ ओकानोया या जपानी संशोधकानं दाखवलं की पिंजऱ्यातल्या या पक्ष्याचं गाणं त्याच्या रानातल्या पूर्वजापेक्षा अधिक गुंतागुंतीचं आहे. आणि १९६० च्या दशकात जर्मनीत क्लाउस इमेलमान यांनी झेब्रा फिंचची पिल्लं बेंगालीजकडून वाढवून घेतली तेव्हा मोठे झालेले नर बेंगालीज माद्यांच्याच मागे लागले. निपाणीत मराठी बोलून, बंगळुरात कन्नडावर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रयोग वाचून हसू आलं. पण जोडी आणली नाही. आणखी पिल्लं कशाला हवीत, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लाल कडीचंही पुढे कळलं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी मोठ्या संख्येनं पक्षी घेऊन कड्यांचे प्रयोग पुन्हा केले. कडीच्या रंगानं पक्ष्यांच्या विणीत फरक पडल्याचं त्यांना आढळलं नाही. पाठ्यपुस्तकांतली गोष्ट त्यांच्या आकड्यांत टिकली नाही. मी नराच्या पायातली कडी बारीक कात्रीनं काढून टाकली. त्याला काही फरक पडला नाही.

आता चौघं आहेत, दोन जाळ्यांच्या आड: बापलेक एकीकडे, मायलेकी दुसरीकडे. टोपली नाही. मादी अधूनमधून दाण्यांच्या वाटीत अंडं घालते. मी ते उकडून परत ठेवते, ती कंटाळेपर्यंत बसते आणि उठते. सोडून द्या, असं बरेच जण सांगतात. सोडायचं कुठे? पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी पक्ष्याला बेळ्ळंदूरच्या घारी ओळखतात, त्याला घारी माहीत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात समोरच्या इमारतीतल्या एका बाल्कनीत, कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या फटीतून, ठिपकेदार मनोल्या ये-जा करू लागल्या. कन्नडात त्यांना राटवाळ म्हणतात. त्यांना पकडणं, विकणं गुन्हा आहे. प्रत्येक खेपेला चोचीत आपल्या लांबीच्या दुप्पट गवताचं पातं, ते आडवं धरलेलं, मागे लोंबणारं, आणि जाळीपाशी आल्यावर ते सरळ करून आत. आई सकाळी चहा घेऊन ते बघत बसते. तिनं एकदा मोजलं होतं, चहा संपेपर्यंत चौदा पाती.

"हितं गवत हाय म्हणून," ती म्हणाली, आणि आमच्या पिंजऱ्याकडे बघितलं. मी उठून काथ्याची मूठ दांडीला बांधली. मादी आली, तिनं एक धागा ओढला, चोचीत धरून सगळा पिंजरा हिंडली आणि ठेवायला जागा नाही म्हणून टाकून दिला. मग दुसरा ओढायला परत आली.